माणूस पाहण्याआधी निकष लिहा: सर्वसमावेशक भरतीची पहिली पावलं

तुमच्या टीममध्ये दोन-तीन जागा भरायच्या आहेत. वरून सांगितलंय, ‘या वेळी जरा विविधतेकडे लक्ष द्या.’ त्यापलीकडे कुणी काही सांगितलेलं नाही. बहुतेक नवखे लोक इथून थेट मुलाखतीच्या विचाराला लागतात. पॅनलवर एखादी बाई घेऊ, सगळ्यांशी सारखंच बोलू, मनात काही किंतु ठेवायचा नाही. हेतू चांगलाच असतो. पण मुलाखतीला जे पाच जण येऊन बसतात ते कुठून आले आणि जे आलेच नाहीत ते कुठे गळले, याचा निकाल त्याआधीच बऱ्याच ठिकाणी लागून गेलेला असतो. जाहिरातीतल्या एका वाक्यात, अर्जातल्या एका रकान्यात, ‘तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो?’ या एका प्रश्नात.

मी बरीच वर्षं भरतीचं काम करते आहे. त्यातून मला एक गोष्ट पुरती पटली आहे: आपल्या चांगुलपणावर भिस्त ठेवायची नाही, पद्धतीवर ठेवायची. समोर माणूस येण्याआधी निकष कागदावर उतरलेले असले, तर पूर्वग्रहाला घुसायला जागा कमी उरते. निकष डोक्यातच असले, तर समोरचा माणूस बघून ते आपोआप बदलतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पुढची सगळी पावलं या एकाच विचारातून आली आहेत.

आधी हे मान्य करा की नाव वाचूनच फरक पडतो

‘आमच्याकडे असं काही होत नाही’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकू येईल. त्यावर वाद घालत बसू नका. पुरावे पुढे ठेवा.

अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागो इथल्या नोकरीच्या जाहिरातींना मरिअन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे ५,००० बनावट रिझ्युमे पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण दर १० रिझ्युमेंमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना दर १५ मागे एक. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या संशोधकांनी याच धर्तीवर खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना अर्ज पाठवले. २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. शिक्षण आणि अनुभव तोडीस तोड असूनही दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली होती.

आणि हे फक्त घाईत अर्ज चाळणाऱ्यांच्या हातून होतं असंही नाही. २०१२ च्या एका प्रयोगात अमेरिकी विद्यापीठांतल्या विज्ञान शाखेच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला. काहींना तो ‘जॉन’च्या नावाने, काहींना ‘जेनिफर’च्या. जॉन जास्त सक्षम ठरला आणि जेनिफरला सुचवलेला पगार सुमारे १२ टक्के कमी निघाला. स्त्री प्राध्यापकांचे आकडेही पुरुष प्राध्यापकांपेक्षा वेगळे नव्हते. म्हणून पॅनलवर एक बाई बसवली की काम झालं, असं मी म्हणत नाही. बाई असावीच, पण तिच्याही हातात निकषांचा कागद हवा.

पाऊल १: आज कोण आहे आणि गळती कुठे होते, ते मोजा

जाहिरात लिहिण्याआधी मागच्या एक-दोन वर्षांच्या भरतीची आकडेवारी काढा. किती अर्ज आले, किती शॉर्टलिस्ट झाले, किती जणांना मुलाखतीला बोलावलं, किती जणांना ऑफर गेली, किती जणांनी ती घेतली आणि वर्षभरानंतर किती टिकले. प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळ्या गटांचं प्रमाण काय होतं ते पाहा.

हे करताना एक पथ्य काटेकोर पाळायचं. लिंग, अपंगत्व, सामाजिक पार्श्वभूमी अशी माहिती विचारायची असेल तर ती ऐच्छिक ठेवा आणि अर्जापासून वेगळी ठेवा. निवड करणाऱ्यांना ती दिसता कामा नये. ‘सांगायचं नाही’ हा पर्याय प्रत्येक प्रश्नाला असावा. ही माहिती कशासाठी घेतोय, कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, हे दोन ओळींत सांगा. आणि तुमच्या देशाचा कायदा काय विचारू देतो, काय नाही, हे आधी वकिलाकडून किंवा एचआरकडून समजून घ्या.

आकडे हातात आले की चार-पंचमांशाची कसोटी लावून पाहता येते. अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनी १९७८ मध्ये ती मार्गदर्शक नियमांत घातली. हिशोब सोपा आहे. समजा, एका गटातून ६० अर्ज आले आणि ३० निवडले गेले, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्या गटातून ४० आले आणि १२ निवडले गेले, म्हणजे ३० टक्के. ३० ला ५० ने भागलं की ०.६ येतं. हे चार-पंचमांशापेक्षा, म्हणजे ०.८ पेक्षा कमी आहे, म्हणजे या टप्प्यावर काहीतरी बिघडलंय का ते उघडून पाहायला हवं. पाच-सात अर्जांच्या भरतीत या आकड्याला फारसा अर्थ नसतो, तिथे एकेका नकाराचं कारण वाचणं जास्त उपयोगी.

कुठे गळती होते यावर उपाय ठरतो. अर्जच येत नसतील तर मुलाखतीचं प्रशिक्षण देऊन काही साधणार नाही. अर्ज भरपूर येऊन मुलाखतीत सगळे गळत असतील तर जाहिरात सुंदर करून उपयोग नाही. ऑफर दिलेल्या बायका नकार देत असतील तर पगार, वेळा आणि रजा यांच्याकडे बघा.

पाऊल २: कामाचं वर्णन नव्याने लिहा

जुन्या जेडीची (जॉब डिस्क्रिप्शनची, म्हणजे कामाच्या वर्णनाची) फाइल उघडून तारीख बदलणं हा सगळ्यात मोठा मोह. तो टाळा. ती जेडी बहुधा त्या खुर्चीवर आधी बसलेल्या माणसाचं वर्णन असते. तो अमुक कॉलेजचा होता म्हणून ते कॉलेज, त्याचा आठ वर्षांचा अनुभव होता म्हणून ‘किमान आठ वर्षं’.

त्याऐवजी कोऱ्या कागदावर एक प्रश्न लिहा: या व्यक्तीने पहिल्या वर्षात कोणती चार-पाच कामं पार पाडली तर आपण म्हणू की निवड बरोबर झाली? त्या कामांना काय काय यावं लागतं ते लिहा. मग प्रत्येक गोष्टीपुढे खूण करा: पहिल्या दिवसापासून हवंच, की तीन महिन्यांत शिकवता येईल. दुसऱ्या प्रकारचं जे काही असेल ते ‘आवश्यक’ यादीतून काढून टाका. दहा-बारा अटींची यादी पाच-सहांवर येते, असा माझा अनुभव आहे.

अनुभवाच्या वर्षांचा तर मी हट्टच सोडून दिला आहे. २०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आधीच्या नोकऱ्यांतली वर्षं आणि नव्या नोकरीतली कामगिरी यांचा संबंध जवळपास नगण्य निघाला. पण त्या एका अटीने बाळंतपणासाठी थांबलेली, आजारपणामुळे खंड पडलेला, उशिरा शिकलेला असे किती जण बाहेर राहतात! वर्षांऐवजी काय केलेलं असावं ते लिहा. ‘पाच वर्षांचा अनुभव’ याऐवजी ‘एखाद्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक स्वतः तयार करून ते सांभाळलेलं असावं.’

भाषेकडे वळते, कारण मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा जास्त टोकदार आहे. इंग्रजी जाहिरातींवर २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, पुरुषांचं प्राबल्य असलेल्या क्षेत्रांच्या जाहिरातींत आक्रमक, वर्चस्व सुचवणारे शब्द जास्त असतात आणि स्त्रियांना अशा नोकऱ्या कमी आकर्षक वाटतात. काम जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं. तिथे आपल्याला जागा नाही, असं वाटत होतं. मराठीत तर क्रियापदच लिंग सांगून मोकळं होतं. ‘उमेदवार मेहनती आणि प्रवास करू शकणारा असावा, तो टीमचं नेतृत्व करेल’ हे वाक्य वाचून कोणाची मूर्ती डोळ्यांपुढे येते? यावर दोन साधे उपाय आहेत. एक, वाक्य उमेदवाराऐवजी कामाभोवती फिरवा: ‘या पदासाठी महिन्यातून दोन वेळा प्रवास करावा लागतो. टीमचं नेतृत्व करण्याची तयारी हवी.’ दोन, थेट ‘तुम्ही’ म्हणा: ‘तुम्ही आठ जणांच्या टीमसोबत काम कराल.’ ‘तुम्ही’मध्ये कुणाचंही लिंग आड येत नाही आणि जाहिरात वाचायलाही आपुलकीची वाटते.

काही शब्द माझ्या लाल यादीत आहेत. ‘तरुण आणि तडफदार’, ‘कुटुंबासारखी टीम’, ‘दडपणाखाली कितीही तास काम करण्याची तयारी’. पहिला वय विचारतो. दुसऱ्यात परक्याने परकंच राहायचं. तिसरा घरी लहान मूल किंवा म्हातारी माणसं असलेल्यांना दारातूनच परत पाठवतो. तास खरंच जास्त असतील तर किती, कोणत्या महिन्यांत, ते स्पष्ट लिहा.

आणि पगाराची पट्टी जाहिरातीत छापा. ती लपवली की घासाघीस करायला सरावलेल्यांचा फायदा होतो.

पाऊल ३: जाहिरात कुठे पोचते ते तपासा

रेफरल, म्हणजे आपल्याच कर्मचाऱ्यांनी ओळखीतलं कुणी सुचवणं, ही भरतीतली सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात फसवी वाट. ओळखीतून आलेला माणूस लवकर रुळतो, स्वस्तातही पडतो. पण माणसांच्या ओळखी आपल्यासारख्याच माणसांशी असतात. ज्या टीममध्ये नव्वद टक्के लोक एकाच प्रकारच्या कॉलेजांतून, एकाच सामाजिक थरातून आलेत, त्यांचे रेफरलही तिथूनच येणार. रेफरल बंद करा असं मी म्हणणार नाही. मात्र ओळखीतून आलेला अर्जही बाकीच्यांसारखाच पहिल्या टप्प्यापासून तपासा आणि रेफरल येण्याआधी जाहिरात बाहेर गेलेली असू द्या.

बाकी ठिकाणं शोधायला पायपीट करावी लागते: अपंग व्यक्तींच्या संस्था, खंडानंतर कामावर परतणाऱ्या स्त्रियांचे गट, पारलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संघटना, सरकारी तंत्रनिकेतनं, लहान गावांतली कॉलेजं, पहिल्या पिढीतल्या पदवीधरांना मदत करणारे गट. एकदा जाहिरात धाडून दिली आणि ‘आम्ही प्रयत्न केला हो, कुणी आलंच नाही’ म्हटलं, असं करू नका. या लोकांनी आधी अनेकदा दारं बंद झालेली पाहिली आहेत. ते तुमच्यावर लगेच का विश्वास ठेवतील? जागा नसतानाही जाऊन भेटा, कामाची माहिती द्या, दोन इंटर्न घ्या. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी ८०० हून अधिक अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची माहिती पाहिली. सक्तीच्या विविधता-प्रशिक्षणाने फारसं काही बदललं नव्हतं. कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांपर्यंत कॉलेजांतून जाणीवपूर्वक पोचणं आणि मेंटॉरिंग (अनुभवी व्यक्तीने नव्याला हाताशी धरून मार्गदर्शन करणं) यांचा परिणाम मात्र दिसला होता.

पाऊल ४: अर्ज भरता येतो का, ते स्वतः भरून पाहा

हे पाऊल छोटं आहे, पण चुकवू नका. तुमचा ऑनलाइन फॉर्म एकदा माऊस न वापरता, फक्त कीबोर्डवर भरून पाहा. एकदा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून भरा. साध्या मोबाइलवर, मंद नेटवर्कवर भरा. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा दृष्टिहीन उमेदवाराला तिथेच अडवतो. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा फॉर्म हळू टाइप करणाऱ्याला बाहेर काढतो.

वैवाहिक स्थिती, मुलं किती, वडिलांचा व्यवसाय, फोटो, जन्मगाव हे रकाने का आहेत, हे कुणालाही सांगता येत नाही. काढून टाका. कायद्यासाठी लागणारी माहिती ऑफर दिल्यानंतर घेता येते.

पाऊल ५: अर्जांची चाळणी

आता निकषांचा तो कागद कामाला येतो. पाच-सहा निकष, प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि प्रत्येक गुणाचा अर्थ आधीच लिहिलेला. दोन जणांनी एकमेकांचे गुण न पाहता गुण द्यायचे. जिथे दोन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडेल तेवढ्याच अर्जांवर बोलायचं.

नाव, फोटो, पत्ता झाकावं का? लोक मला हेच सगळ्यात जास्त विचारतात. माझं उत्तर आहे: झाका, पण त्यावर विसंबू नका. फ्रान्समध्ये निनावी रिझ्युमेंचा मोठा प्रयोग झाला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपेक्षेच्या उलट, अल्पसंख्याक पार्श्वभूमीच्या उमेदवारांना त्यात मुलाखती कमी मिळाल्या. स्वतःहून सहभागी झालेल्या कंपन्या आधीपासूनच या उमेदवारांकडे उदारपणे बघणाऱ्या होत्या. ओळख झाकल्यावर रिझ्युमेमधला खंड किंवा कमी अनुभव हा परिस्थितीमुळे आहे, हे समजून घेण्याची संधीच गेली, असं संशोधकांनी मांडलं. तेव्हा नाव झाकताना निकषही बदला. खंडाला उणे गुण देऊ नका. कॉलेजच्या नावाला अधिक गुण देऊ नका. तसं केलं नाही तर जुनाच कल निनावी होऊन परत येतो.

सॉफ्टवेअरकडून चाळणी करून घेत असाल तर जास्त सावध राहा. अॅमेझॉनने २०१४ पासून असं एक साधन विकसित करायला घेतलं होतं. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या रिझ्युमेंवरून ते शिकलं, आणि त्यात बहुसंख्य पुरुषांचे होते. परिणामी ‘महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार’ अशा उल्लेखांतल्या ‘महिला’ या शब्दालाच ते कमी गुण देऊ लागलं. कंपनीने ते बंद केलं आणि २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ही गोष्ट उघड केली. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून भरतीतल्या अशा स्वयंचलित साधनांची दरवर्षी पूर्वग्रह-तपासणी करून घेणं बंधनकारक झालं आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने भरतीसाठीच्या एआयला उच्च जोखमीच्या वर्गात टाकलं आहे. तुमच्याकडे असा नियम नसला तरी विक्रेत्याला विचारा: हे कशावरून शिकलं? वेगवेगळ्या गटांचं निवडीचं प्रमाण दाखवा. तो टाळाटाळ करू लागला तर ते साधन घेऊ नका.

पाऊल ६: सगळ्यांना सोयी विचारा, सगळ्यांनाच

इथे माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी आम्ही शॉर्टलिस्ट झालेल्यांना फोन करून वेळ ठरवत होतो. एका उमेदवाराने तीनदा फोन घेतला नाही. मी यादीत ‘प्रतिसाद नाही’ लिहून पुढे गेले. दोन आठवड्यांनी तिचा ईमेल आला: ती कर्णबधिर होती आणि ‘कृपया मेसेज करा’ असं तिने रिझ्युमेमध्ये लिहिलं होतं. तोवर जागा भरली होती. मी माफी मागितली. पण माफीने तिला नोकरी मिळाली नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बोलावण्यात एक परिच्छेद ठरलेला असतो:

‘मुलाखत एक तासाची आहे. तीन जण प्रश्न विचारतील. त्यात अर्ध्या तासाचं एक लेखी काम असेल. तुम्हाला संपर्कासाठी, वेळेसाठी, जागेसाठी किंवा कामाच्या स्वरूपासाठी काही वेगळी सोय हवी असेल तर या पत्त्यावर कळवा. याचा निवडीवर परिणाम होणार नाही आणि कारण सांगायची गरज नाही.’

हा परिच्छेद सगळ्यांना जायला हवा. ज्यांच्याबद्दल आपल्याला संशय आहे त्यांनाच पाठवला तर तो उलट टोचतो. मागण्या काय येतात? सांकेतिक भाषेचा दुभाषी, मोठ्या अक्षरातला कागद, लिफ्ट असलेला मजला, लेखी परीक्षेला जादा वेळ, प्रश्न आधी मिळणं, बाळाला दूध पाजण्यासाठी मधे पंधरा मिनिटं. बहुतेक सोयींना पैसे लागत नाहीत, दोन दिवसांची पूर्वतयारी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला आहे. त्यामुळे सोय पुरवताना मेहेरबानीचा सूर लावू नका.

पाऊल ७: मुलाखत

सगळा जोर इथे लावा, कारण गप्पांच्या ओघात होणारी मुलाखत हा पूर्वग्रहाचा सगळ्यात आवडता अड्डा असतो. ‘स्वतःबद्दल सांगा’पासून सुरू होते, मग कुणाचं तरी गाव जुळतं, कुणाचा खेळ, कुणाचे शिक्षक. वीस मिनिटांत ‘आपल्यातला वाटतो’ हे ठरून जातं आणि उरलेला वेळ त्याला कारणं शोधण्यात जातो.

१९५० च्या दशकात इस्रायली सैन्यात तरुण मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्याकडे भरतीच्या मुलाखती सुधारण्याचं काम आलं. त्यांनी सहा गुणवैशिष्ट्यं निवडली, प्रत्येकासाठी वस्तुस्थितीवर बोट ठेवणारे प्रश्न ठरवले आणि एकेका वैशिष्ट्याला लगेच गुण देऊन मगच पुढे जायचं, असा नियम केला. मुलाखतकार वैतागले, आपल्याला यंत्र बनवलं जातंय असं त्यांना वाटलं. त्यांच्या समाधानासाठी शेवटी एक मुभा ठेवली: सगळं झाल्यावर डोळे मिटून एकंदर अंदाजही द्या. नव्या पद्धतीचे अंदाज जुन्यापेक्षा बरेच खरे ठरले. गंमत म्हणजे शेवटचा तो मनाचा अंदाजही उपयोगी निघाला, पण आधी शिस्तीने गुण दिल्यावर. २०२२ मध्ये पॉल सॅकेट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरचं संशोधन पुन्हा तपासलं, तेव्हा पुढच्या कामगिरीशी सर्वाधिक जुळणारी पद्धत ठरली ती आखीव मुलाखत, म्हणजे प्रश्न आणि गुण आधीच ठरलेली. तिचा कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.४२ निघाला आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९.

म्हणजे करायचं काय? सगळ्यांना तेच सहा-सात प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक प्रश्न तुमच्या निकषांपैकी एकाला जोडलेला. प्रश्न केलेल्या कामाबद्दल विचारा: ‘तुमचं आणि सहकाऱ्याचं कामावरून टोकाचे मतभेद झाले, असा एक प्रसंग सांगा. तुम्ही काय केलं? पुढे काय झालं?’ १ गुणाचं उत्तर कसं असतं, ३ चं कसं, ५ चं कसं, हे आधी लिहा. नोकरीचा अनुभव नसलेल्या उमेदवाराला घरातला, कॉलेजातला, गावातल्या कामातला प्रसंग चालेल असं आधीच सांगा, नाहीतर चांगले लोक ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ म्हणून गप्प बसतात.

शक्य असेल तर प्रत्यक्ष कामाचा छोटा नमुना द्या. तासाभरात होईल एवढाच. घरी करायला दोन दिवसांचं काम दिलं तर ज्याच्यामागे घरची जबाबदारी आहे तो मागे पडतो, आणि मोठं काम फुकट करून घेणं तसंही बरं नाही.

काय विचारू नये, हे नव्या पॅनलला तोंडी सांगू नका, लिहून द्या. लग्न, मुलं, गरोदरपणाचा विचार, धर्म, जात, आजार, ‘नवऱ्याची बदली झाली तर?’ हे प्रश्न काळजीच्या सुरातही विचारायचे नाहीत. प्रवास करावा लागणार असेल तर स्त्री-पुरुष सगळ्यांना एकाच शब्दांत विचारा: ‘महिन्यातून दोनदा प्रवास आहे, जमेल का?’

‘कल्चर फिट’ हा शब्द मी पॅनलवर चालू देत नाही. कुणी म्हटलं ‘ती आपल्यात बसणार नाही’, तर एकच प्रश्न विचारते: कोणत्या निकषावर? उत्तर ‘सहकाऱ्यांना वेळेवर माहिती देत नाही असं तिच्या दुसऱ्या उत्तरावरून वाटलं’ असं आलं तर बोलू. ‘वाटत नाही’ एवढंच आलं तर पुढे जाऊ. उच्चार, इंग्रजीची सफाई, डोळ्यांत बघून बोलणं, हस्तांदोलनाची ढब यांना कामाशी संबंध असल्याशिवाय गुण नाहीत. स्वमग्नता (ऑटिझम) असलेली एखादी व्यक्ती नजर टाळते, यावरून तिला कोडिंग येतं की नाही हे कसं कळणार?

पाऊल ८: निर्णय आणि पगार

गुण आधी लिहून द्यायचे, मग बोलायचं. आणि बोलताना सगळ्यात कनिष्ठ व्यक्तीने सुरुवात करायची. साहेब आधी बोलले की उरलेल्यांची मतं तिकडे झुकतात.

अंतिम यादीत वेगळ्या गटातली एकच व्यक्ती असली की ती ‘वेगळी’ म्हणूनच दिसत राहते. एका विद्यापीठातल्या नेमणुकांच्या अंतिम याद्यांच्या विश्लेषणात, जे २०१६ मध्ये मांडलं गेलं, यादीत एकच स्त्री असेल तर तिची निवड होण्याची शक्यता जवळपास शून्य आढळली. दोन असतील तर चित्र पार बदलत होतं. एका संस्थेवरून सगळीकडचा नियम काढता येत नाही, पण मी तेव्हापासून यादीत एकटं कुणी उरलं की चाळणीचे कागद पुन्हा उघडून बघते: काठावरचं कुणी चुकून सुटलंय का?

इथे हमखास विचारलं जातं, ‘मग लायकीचं काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटकून टाकू नका. वर सांगितलेलं सगळं लायकी नीट मोजण्यासाठीच आहे. उमेदवारांचा घेर वाढवणं आणि सगळ्यांना एकच कसोटी लावणं कुठेही चालतं. शेवटच्या क्षणी एखाद्या गटाला झुकतं माप देणं मात्र काही देशांत कायद्यानेच करावं लागतं, काही ठिकाणी ते बेकायदा असतं. स्वतःच्या अंदाजाने ते करू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५८ चा १११ क्रमांकाचा करार वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ यांवरून नोकरीत भेदभाव नको म्हणतो. तो पाया धरून आपल्या देशाचा कायदा वाचा.

पगार ठरवताना ‘आधी किती मिळत होतं?’ विचारू नका. आधीच्या ठिकाणी कुणाला दहा टक्के कमी मिळत असेल तर तुम्ही तो अन्याय तसाच पुढे चालवता. पद, कौशल्य आणि ठरलेली पट्टी, एवढ्यावरून आकडा काढा. घासाघीस करणाऱ्याला वाढवून देत असाल तर गप्प बसणाऱ्यालाही तेवढंच द्या.

ज्यांना नाकारलं त्यांना कळवा, एका खऱ्या कारणासह. ते पुन्हा अर्ज करतात, इतरांनाही पाठवतात.

पाऊल ९: पहिले नव्वद दिवस

नवी व्यक्ती येण्याआधी तिची खुर्ची, स्क्रीन रीडर, स्वच्छतागृहाची सोय, लॉगिन, तिला ज्या नावाने हाक मारलेली आवडते ते नाव, हे सगळं तयार हवं. पहिल्या दिवशी रॅम्प शोधावा लागला तर तिला जे समजायचं ते समजतंच.

मॅनेजरशिवाय एक अशी व्यक्ती द्या जिला अडचणी सांगता येतील. टीमची खरी कामं कुठे ठरतात ते पाहा. ती संध्याकाळी उशिरा, चहाच्या टेबलावर किंवा ठरावीक लोकांच्या मेसेज ग्रुपवर ठरत असतील, तर नव्या व्यक्तीला ती कळणारच नाहीत. निर्णय बैठकीत घ्या आणि लिहून कळवा. आणि ज्या गटातून ती आली, त्या गटाची प्रवक्ती तिला करू नका. माहितीपत्रकावर तिचाच फोटो, प्रत्येक पाहुण्यापुढे तिचंच भाषण, असं सुरू झालं की कामाला वेळ उरत नाही आणि बढतीच्या वेळी ‘काम कमी दिसलं’ म्हणून तीच मागे राहते. हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी ती व्यक्ती वर्षभरात सोडून गेली.

तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी सगळ्याच नव्या लोकांना तेच चार प्रश्न विचारा: काम जाहिरातीत लिहिल्यासारखंच आहे का? कुठे अडतं? कुणाला विचारायचं ते माहीत आहे का? बैठकीत बोलता येतं का?

सहा महिन्यांनी मुलाखतीचे ते जुने गुण काढा आणि आजच्या कामगिरीशेजारी ठेवून बघा. ज्या प्रश्नाचे गुण कामाशी मुळीच जुळत नाहीत, तो प्रश्न पुढच्या भरतीत नको. आणि एखाद्या प्रश्नावर एकाच गटाचे लोक सतत कमी गुण घेत असतील, पण काम उत्तम करत असतील, तर तो प्रश्न पुढची जाहिरात जाण्याआधी बदला.